गोळी घेतल्यावर ताप का येतो? हत्तीरोगाचा जंत, औषध आणि आपली प्रतिकारयंत्रणा

विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम निघाली की एक तक्रार हमखास कानावर येते. धडधाकट माणसाने गोळी घेतली आणि रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकू लागले, एखाद्याला उलटीही झाली. जो आजारी नव्हता तो गोळीने आजारी पडला, मग ती घ्यायची कशाला, असा प्रश्न गावात उठतो. पुढच्या खेपेला आशाताई दारात आल्या की माणसे गोळ्या हातात घेतात, 'जेवण झालं की घेतो' म्हणतात आणि त्या फळीवर ठेवून देतात. या प्रश्नाला 'काही होत नाही, घाबरू नका' असे उत्तर देणे मला पटत नाही, कारण काहीतरी नक्की होते आणि ज्याला ते झाले त्याला आपण खोटे ठरवतो. हा ताप बहुतांशी गोळीतल्या रसायनामुळे येत नाही. औषधाने मारलेल्या जंतांच्या अवशेषांवर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने चढवलेल्या हल्ल्यातून तो येतो. इतकी वर्षे ही यंत्रणा गप्प का होती आणि एका रात्रीत जागी कशी झाली, हे समजून घेण्यासाठी आधी जंताची ओळख करून घ्यावी लागेल.

भारतात हत्तीरोग मुख्यतः वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाच्या जंतामुळे होतो. गटारे, सेप्टिक टाक्या आणि साचलेले घाण पाणी यांत वाढणारा क्युलेक्स डास त्याचा प्रसार करतो. डास चावतो तेव्हा जंताच्या अळ्या त्याच्या सोंडेतून त्वचेवर उतरतात आणि चाव्याने पडलेल्या छिद्रातून आत शिरतात. तेथून त्या लसिका वाहिन्यांत पोचतात. पेशींच्या भोवती साठणारा द्रव परत रक्ताकडे नेणाऱ्या या वाहिन्यांत अळ्यांची सहा महिने ते वर्षभरात पूर्ण वाढ होते. पूर्ण वाढलेली मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते, तर नर तिच्या निम्म्याने भरतो. ही जोडपी पाच ते आठ वर्षे जगतात आणि त्या काळात मादी लाखो सूक्ष्म पिल्लांना जन्म देते. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात आणि डासाने रक्त पिताना उचलून न्यावीत म्हणून ती रक्तात फिरत असतात.

ती नेमकी कधी फिरतात, हेही पाहण्यासारखे आहे. दिवसा बहुतेक पिल्ले फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, म्हणजे क्युलेक्स चावतो त्या वेळी, बाहेरच्या रक्तात उतरतात. त्यामुळेच हत्तीरोगाचे कर्मचारी अवेळी, घरातली माणसे अंथरुणावर पडलेली असताना बोटाला सुई टोचायला येतात. रात्री घेतलेला रक्ताचा ताजा थेंब काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आधी पिल्लू दिसत नाही, लाल पेशींची खळबळ दिसते. एका ठिकाणी पेशी इकडून तिकडे ढकलल्या जात असतात आणि नीट पाहिल्यावर त्यांच्या मधोमध पाव मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला जीव वळवळताना दिसतो. तो फारसा पुढे सरकत नाही, पण क्षणभरही थांबत नाही. असे हजारो जीव रक्तात असलेल्या माणसाला बहुतेक वेळा काहीच त्रास जाणवत नसतो. तो शेतावर जातो, मिलमध्ये पाळी करतो, आणि विचारले तर ठणठणीत आहे असे सांगतो.

प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्याला जिवाणू आणि विषाणूंशी होणारी लढाई आठवते. तिथे भक्षक पेशी शत्रूला गिळून आत पचवून टाकतात. जंताच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, कारण पांढरी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी आणि मादी जंत तिच्या हजारो पट लांब. मायक्रोफायलेरियासुद्धा एका पेशीला गिळता येत नाही. अशा मोठ्या शत्रूसाठी शरीराकडे वेगळी तजवीज आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील मॉसमन आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मदतनीस टी-पेशींमध्ये, म्हणजे इतर पेशींना लढाईचे आदेश देणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, दोन निराळे प्रकार असल्याचे दाखवले. पहिल्या प्रकारच्या पेशी भक्षक पेशींना चेतवून पेशीत शिरलेल्या जंतूंवर सोडतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही रसायने सोडतात, त्यांच्यामुळे शरीरात आयजीई जातीचे प्रतिपिंड तयार होतात, मास्ट पेशी सज्ज होतात आणि अस्थिमज्जेतून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. जंतांशी लढण्याचे काम प्रामुख्याने या दुसऱ्या फळीकडे असते.

रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर 'जंत आहेत का, ॲलर्जी आहे का' असे विचारतात, ते याच कारणाने. दोन्हींमध्ये कामाला लागणारी यंत्रणा एकच आहे. इओसिनोफिल जंताला गिळत नाहीत. प्रतिपिंडांनी जंताच्या अंगावर खूण केलेली असली की ते त्याला बाहेरून चिकटतात आणि आपल्या कणांतली विषारी प्रथिने त्याच्या कातडीवर ओततात. हत्तीपाय झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव आणि पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत मायक्रोफायलेरियांसोबत ठेवल्या तर त्या पिल्लांना चारी बाजूंनी चिकटतात आणि पिल्ले मरतात, हे पूर्वीच दिसून आले आहे. मात्र ज्याच्या रक्तात पिल्ले भरपूर फिरत आहेत, त्याचा रक्तद्रव वापरला तर पेशी सहसा चिकटत नाहीत. शस्त्र दोघांकडे आहे, पण दुसऱ्याच्या शरीरात ते म्यान झालेले असते.

हे काम जंत करतो. आठ वर्षे दुसऱ्याच्या शरीरात राहायचे तर यजमानाला मारून चालत नाही आणि त्याला चिडवूनही चालत नाही. म्हणून जिवंत जंत सतत काही प्रथिने बाहेर सोडत राहतो. त्यांतली काही आपल्या पेशींच्या संदेशरसायनांची नक्कल करतात, तर काही प्रतिजनांची, म्हणजे यंत्रणा ज्यांवरून शत्रू ओळखते त्या रेणूंची, ओळख करून देणाऱ्या पेशींचे काम मंदावतात. परिणामी शरीरात हल्ल्याला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात आणि इंटरल्यूकिन-१० हे दाह शमवणारे रसायन जास्त प्रमाणात तयार होते. नियामक टी-पेशींचा मूळ हेतू चांगला आहे. त्या नसत्या तर आपली यंत्रणा आपल्याच अवयवांवर तुटून पडली असती. जंत याच चांगल्या सोयीचा फायदा घेतो. एरवी जंताविरुद्ध जोर धरणाऱ्या टी-पेशी अशा माणसाच्या रक्तात जंताच्या प्रतिजनांना जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत, पण इतर जंतूंच्या बाबतीत मात्र बऱ्याच अंशी जाग्या असतात.

इंटरल्यूकिन-१० च्या प्रभावाखाली आणखी एक बदल होतो. आयजीई हा भडका उडवणारा प्रतिपिंड मास्ट पेशींवर बसून जंताच्या प्रतिजनाची वाट पाहत असतो आणि प्रतिजन त्याला भिडला की हिस्टामिन हे ॲलर्जीचा भडका उडवणारे रसायन बाहेर पडते. पण लक्षणे नसलेल्या आणि रक्तात पिल्ले असलेल्या माणसात आयजीजी-४ नावाचा दुसरा प्रतिपिंड प्रचंड प्रमाणात असतो. तो त्याच प्रतिजनावर आधीच जाऊन बसतो आणि स्वतः काहीच भडका उडवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी आणि खऱ्या प्रवाशाला उभे राहावे लागावे, तसे आयजीईचे होते. हत्तीपाय झालेल्या रुग्णांत याचे उलटे, म्हणजे आयजीजी-४ कमी आणि आयजीई तुलनेने जास्त, असे चित्र पुष्कळदा आढळते.

या गप्प बसण्याची सवय काही वेळा जन्माआधीच लागते. आईला संसर्ग असेल तर गर्भाच्या यंत्रणेची जंताच्या प्रतिजनांशी आधीच ओळख होते आणि अशा मुलांच्या रक्तात पुढे पिल्ले सापडण्याचे प्रमाण अधिक असते. ज्यांची अशी ओळख झालेली नाही त्यांचे काय होते, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. सामोआ आणि दक्षिण पॅसिफिकमधील इतर बेटांवर गेलेल्या हजारो अमेरिकी सैनिकांना तिथल्या डासांपासून हाच संसर्ग झाला. काही महिन्यांतच त्यांचे हातपाय आणि अंडकोश लाल होऊन सुजले, गाठी दुखू लागल्या, पण त्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया क्वचितच सापडल्या. बेटावरचे स्थानिक लोक तोच जंत वर्षानुवर्षे, फारशी तक्रार न करता, अंगात बाळगून होते. जंत एकच होता. या सैनिकांच्या यंत्रणेने त्याला पाहताच रान पेटवले आणि पिल्ले होण्याआधीच त्याचा बंदोबस्त केला, पण त्याची किंमत त्यांच्या स्वतःच्या शरीराने मोजली. बेटे सोडल्यावर बहुतेक जण बरे झाले.

अतिसावध यंत्रणेचे दुसरे उदाहरण आपल्याकडेच आहे. ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया या आजारात रात्री कोरडा खोकला येतो, दम्यासारखी धाप लागते, आयजीई भरमसाट वाढते आणि इओसिनोफिलचा आकडा, जो निरोगी माणसात रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे पाचशेच्या आत असतो, तो तीन हजारांच्या वर जातो. रक्तात पिल्ले मात्र दिसत नाहीत, कारण फुप्फुसांत येताच ती मारली जातात आणि त्या कत्तलीतच फुप्फुसांचे नुकसान होते. हे रुग्ण कितीदा तरी दम्याचे किंवा क्षयाचे म्हणून औषधे घेत फिरतात. निदान झाले की ते हत्तीरोगाच्याच गोळीने झपाट्याने सुधारतात, आणि त्यातच या आजाराचे मूळ कुठे आहे याचा पुरावा मिळतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हत्तीरोगाची मुख्य गोळी म्हणजे डायइथाइलकार्बामाझिन, तोंडात बसलेले नाव डीईसी. आंध्रातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते, तिथे हे औषध सापडले आणि १९४७ मध्ये ते जगापुढे आले. या औषधाची गंमत अशी की काचेच्या नळीत मायक्रोफायलेरियांवर ते नेहमीच्या मात्रेत टाकले तर त्या आरामात जगतात. माणसाच्या शरीरात मात्र गोळी घेतल्यावर रक्तातली पिल्ले काही मिनिटांतच घटू लागतात. म्हणजे मारणारा हात औषधाचा एकट्याचा नाही. डीईसीमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील आणि पांढऱ्या पेशींतील ॲराकिडोनिक आम्लाच्या, म्हणजे दाहाची रसायने बनवणाऱ्या, साखळीत बदल होतात, पेशी आणि प्लेटलेट पिल्लांना चिकटू लागतात, आणि यकृतातल्या भक्षक पेशी त्यांना अडवून संपवतात. नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची क्षमता नसलेल्या उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा त्यांच्यात या औषधाचा परिणामच झाला नाही. अलीकडच्या काळात हे औषध जंताच्या स्नायूंना काही काळ लुळे पाडते, असेही दिसले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की चित्र स्पष्ट होते: औषध जंताचा पवित्रा मोडते आणि घाव यंत्रणा घालते.

एका रात्रीत हजारो, कधी लाखो पिल्ले फुटली की आजवर झाकून ठेवलेली प्रथिने एकदम उघड्यावर येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या जंताच्या पोटात एक भाडेकरू असतो. वोल्बाकिया नावाचे जिवाणू जंताच्या पेशींत राहतात, आणि त्यांच्यावाचून जंताला ना नीट जगता येते ना प्रजा वाढवता येते. जंत जिवंत असेपर्यंत आपल्या यंत्रणेला हे जिवाणू दिसत नाहीत. तो मेला की ते बाहेर सांडतात, आणि जिवाणूंच्या अंगावरच्या रेणूंची ओळख असणारी आपली सर्वांत जुनी, जन्मजात यंत्रणा तत्काळ धोक्याची घंटा वाजवते. भक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ आणि त्यासारखी रसायने सोडतात, ती मेंदूतल्या तापमान नियंत्रक केंद्रापर्यंत पोचतात आणि थंडी वाजून ताप येतो. गोळी घेतल्यावर काही तासांत सुरू होणारे हे दुखणे बहुधा एक ते तीन दिवसांत आपोआप ओसरते. इओसिनोफिलचा आकडा पहिल्या काही तासांत खाली जातो, कारण त्या पेशी रक्त सोडून ऊतींमध्ये शिरतात, आणि पुढच्या काही दिवसांत तो पूर्वीपेक्षाही वर चढतो. कोणी त्या आठवड्यात रक्त तपासून घेतले तर अहवाल पाहून धास्ती घेऊ नये.

यातून सरळ निघणारी गोष्ट अशी की ज्याच्या रक्तात पिल्ले जास्त, त्याला ताप जास्त. पिल्ले नसलेल्यांना बहुधा काहीच होत नाही, थोडी मळमळ किंवा सुस्ती सोडली तर. म्हणजे गोळीनंतर ज्याला ताप आला तो 'धडधाकट' माणूस बहुतेक वेळा आतून जंत बाळगून असतो आणि नेमके त्यालाच औषधाची गरज असते. काही जणांना चार-आठ दिवसांनी लसिका वाहिन्यांच्या कडेने किंवा अंडकोशात दुखरी गाठ येते; तिथे पूर्ण वाढलेला जंत मेलेला असतो आणि त्याच्याभोवती यंत्रणेने वेढा घातलेला असतो. अशा जंताची जिवंतपणीची हालचाल अंडकोशाच्या सोनोग्राफीत अखंड वळवळीसारखी दिसते आणि डॉक्टरांनी तिला चक्क नाच म्हटले आहे.

हीच प्रतिक्रिया कुठे कुठे घातकही ठरू शकते, म्हणून औषध देण्यापूर्वी भूगोल पाहावा लागतो. आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वाचा रोग असलेल्या भागांत त्या रोगाच्या वेगळ्या जंताची पिल्ले त्वचेत आणि डोळ्यांत असतात. तिथे डीईसी दिले तर त्वचेला असह्य खाज सुटते, ताप येतो आणि डोळ्यांना इजा होते. १९४८ मध्ये मेक्सिकोत मॅझोटी यांनी वर्णन केलेली ही प्रतिक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या भागांत हत्तीरोगासाठी आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल देतात. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ हा जंत रक्तात फार मोठ्या संख्येने असेल, तर आयव्हरमेक्टिननेही मेंदूवर परिणाम होऊ शकतो. भारतात हे दोन्ही जंत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे डीईसी, आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल ही तीनही औषधे एकत्र देता येतात. चीनने तर डीईसी अगदी अल्प प्रमाणात मिठातून रोज देण्याचा मार्ग पत्करला. पिल्ले हळूहळू मरत गेल्याने प्रतिक्रिया सौम्य राहिली आणि २००७ मध्ये त्या देशातून हत्तीरोगाचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले.

तीन औषधे एकत्र का, तर एका खेपेत अधिक काळ परिणाम टिकतो. पापुआ न्यू गिनीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकदाच तीन औषधे घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या रक्तात वर्षभरानंतर पिल्ले नव्हती; एकदाच दोन औषधे घेतलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. भारतासह पाच देशांत सुमारे २६ हजार लोकांवर या औषधांच्या सुरक्षिततेचा अभ्यास झाला आणि तीन औषधांमुळे गंभीर त्रास वाढत नाही, असे दिसले. आयव्हरमेक्टिनचे कामही यंत्रणेच्या मदतीनेच चालते, असे मानण्यास आधार आहे, कारण ते जंताचा तो प्रथिने सोडण्याचा व्यवहारच मंदावते आणि त्याच्यावरचा पडदा बाजूला होतो. भारतात तीन औषधांची पद्धत ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी आली त्यांत नागपूर होता.

गर्भवती, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देत नाहीत, आणि आयव्हरमेक्टिनसाठी मुलाची उंचीही पाहिली जाते. गोळी उपाशीपोटी घेऊ नये. ताप आला तर पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती एवढे बहुधा पुरते. धाप लागली, अंगावर पित्त उठले किंवा शुद्ध हरपू लागली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. गोळी खरोखर गिळली जावी म्हणून ती कर्मचाऱ्यांसमोरच घ्यावी असा नियम आहे. हे सारे मोहिमेच्या आधी सांगितले, विशेषतः 'ताप आला तर तुमच्या अंगात जंत होता आणि तो मेला' हे स्पष्ट सांगितले, तर फळीवर पडून राहणाऱ्या गोळ्यांची संख्या घटेल, असे माझे मत आहे.

औषधानंतर प्रतिकारयंत्रणेचे काय होते? पिल्ले नाहीशी झाली की जंताकडे दुर्लक्ष करायला शिकलेल्या टी-पेशींचा प्रतिसाद काही प्रमाणात परत येतो आणि आयजीजी-४ हळूहळू उतरू लागते. म्हणून कायमची प्रतिकारशक्ती मिळते, असे मात्र नाही. पुन्हा तोच डास चावला तर पुन्हा संसर्ग होऊ शकतो आणि माणसासाठी या रोगावर लस उपलब्ध नाही. शिवाय रक्तातली पिल्ले संपली तरी काही पूर्ण वाढलेले जंत वाहिन्यांत तग धरून राहतात. बोटातल्या थेंबावर चालणाऱ्या पट्टीच्या चाचणीत त्यांचा प्रतिजन दिसत राहतो, त्यामुळे औषध घेऊनही चाचणी होकारार्थी आली तर औषध वाया गेले, असा अर्थ निघत नाही. अशा प्रतिजन आणि प्रतिपिंडांवर आधारित चाचण्यांचे बरेच काम वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने केले आहे.

एक गोष्ट गोळीने परत येत नाही. जंत राहतो तिथल्या लसिका वाहिन्या लक्षणे नसतानाही फुगलेल्या असतात, हे तपासण्यांत दिसले आहे. त्यांच्या झडपा निकामी झाल्या की द्रव पायात साठतो, आणि साठलेल्या द्रवात, बोटांच्या बेचकीतल्या चिरेतून शिरलेले स्ट्रेप्टोकोकससारखे जिवाणू पुन्हा पुन्हा दाह निर्माण करतात. पाय लाल होतो, ताप येतो आणि प्रत्येक वेळी सूज थोडी अधिक राहते. हा ताप गोळीनंतरच्या तापापेक्षा वेगळा आहे आणि त्यावर प्रतिजैविके लागतात. हत्तीपायाच्या रुग्णाने रोज पाय साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या ठेवल्या, जखमेला वेळीच मलम लावले आणि बसताना-झोपताना पाय उंच ठेवला, तर असे दाह घटतात. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने दूर होते.